डच व्यापाराचा उदय अभ्यासायचा तर आधी खतावणी उघडा

स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांत ‘युरोपियनांचे आगमन’ हे प्रकरण असतंच. पोर्तुगीजांनंतर डच येतात, दीड पान व्यापतात आणि इंग्रज आले की मागे पडतात. १६०२ ला डच ईस्ट इंडिया कंपनी, १६०५ ला मच्छलीपट्टण, १६१० ला पुलिकत, १६१६ ला सुरत, १७४१ ला कोलाचेलची हार. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये मुलं ही यादी घोकतात. पण पंधरा-वीस लाख वस्तीच्या त्या देशाला जगाचा व्यापार हाताशी धरणं जमलं कसं, असं विचारलं की गप्प होतात. दोष मुलांचा नाही, यादीत उत्तरच नाही.

मी मार्केट यार्डात भुसार विभागातल्या एका मसाल्याच्या पेढीवर हिशेब लिहिते. इतिहासात एम. ए. केलं आणि नोकरी खतावणीची मिळाली. दोन्ही गोष्टी या एका विषयात इतक्या एकत्र आल्या की आता डचांचा इतिहास मला हिशेबाशिवाय वाचताच येत नाही. रविवारी सोसायटीतली आणि त्यांच्या ओळखीची परीक्षेची मुलं घरी येतात, त्यांना ज्या रीतीनं शिकवते तीच इथे लिहिते. यात पाठांतर कमी आहे, पण वही मात्र हवी.

वहीची समोरासमोरची दोन पानं घ्या. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. तारीख आली की नुसती लिहायची नाही, तिला तीन प्रश्न विचारायचे. यानं भाडं उतरलं का? पैसा कुठे अडकला, कुठे मोकळा झाला? आणि तोटा कुणाच्या नावे पडला? तिसरा प्रश्न मुलं हमखास सोडतात. तो सोडला तर हिशेब जुळत नाही.

पहिली नोंद मसाल्याची करू नका. आपण मसाल्याच्या देशातली माणसं, त्यामुळे मिरी-लवंगांपासून सुरुवात करायचा मोह होतो. डचांचा पाया घातला गेला तो खारवलेल्या माशांवर आणि धान्यावर. नकाशा काढा आणि त्यावर चार ठिकाणं ठळक करा: बाल्टिक समुद्रावरचं डान्झिग, म्हणजे आजचं ग्दान्स्क, डेन्मार्क आणि स्वीडनमधली साउंडची सामुद्रधुनी, हॉलंडमधलं एंकहाउझेन, आणि पोर्तुगालमधलं सेतूबाल. सेतूबालहून मीठ यायचं. एंकहाउझेनसारख्या बंदरांतून हेरिंग माशाची जहाजं उत्तर समुद्रात जायची. माशाचे कल्ले आणि थोडी आतडी काढून, जहाजावरच मीठ लावून तो पिंपात भरायचा, ही त्यांची रीत. मासा किनाऱ्यावर आणायची घाई नाही, म्हणून जहाज आठवडेच्या आठवडे समुद्रात राहायचं. हे पिंप पूर्वेला डान्झिगला जायचं आणि तिथून राय, म्हणजे गव्हासारखं एक धान्य, आणि गहू परत यायचा.

धान्य बाहेरून का आणायचं? हॉलंडची जमीन दलदलीची. पाणी काढलं की ती खचायची, पुन्हा ओली व्हायची. धान्य धड येईना, तेव्हा शेतकरी गाई, लोणी, चीज यांकडे वळला आणि भाकरीचं धान्य बाल्टिकवरून येऊ लागलं. पुढे हाच माल दक्षिणेकडे विकायचा धंदा झाला. आम्सटरडॅमच्या लोकांनी या बाल्टिक व्यापाराला ‘आई व्यापार’ असं नाव दिलं होतं. ईस्ट इंडिया कंपनीचा डामडौल पुढे कितीही वाढला तरी हे नाव बाल्टिककडेच राहिलं. मुलांना मी हे दोनदा लिहायला लावते.

साउंडच्या सामुद्रधुनीत डेन्मार्कचा राजा प्रत्येक जहाजाकडून जकात घ्यायचा. १४९७ पासून १८५७ पर्यंतच्या त्या जकातीच्या वह्या बहुतांशी टिकल्या आहेत आणि आता इंटरनेटवर फुकट पाहता येतात. जहाजाच्या तांडेलाचं नाव, गाव, माल, जकात. जमलं तर एक पान उघडून बघाच. नाक्यावरची नोंदवही आणि ही वही यांत मला तरी फारसा फरक दिसत नाही. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथून जाणाऱ्या जहाजांपैकी निम्म्याच्या आसपास जहाजं डचांची होती. कंपनी अजून जन्मालाही आली नव्हती.

आता भाड्याकडे या. इथे थांबा, घाई करू नका, कारण सगळं घोडं इथेच पुढे गेलं. धान्य, लाकूड, मीठ हे जड आणि स्वस्त सामान. अशा मालात नफा दरात नसतो, वाहतुकीत असतो. १५९५ च्या सुमारास हूर्न गावात फ्लुइट नावाचं नव्या बांधणीचं जहाज पाण्यात उतरलं. पोट फुगीर, तळ सपाट, वरचं डेक अरुंद. साउंडची जकात आकारताना डेकचं माप धरत, त्यामुळे अरुंद डेकचा त्यातही फायदा झाला असं सांगतात. शांत मार्गावर जायचं म्हणून तोफा अगदी कमी. दोर ओढायला कप्प्या जास्त, त्यामुळे खलाशी कमी. तेवढ्याच मालासाठी इतर जहाजांना लागत त्याच्या निम्म्या माणसांत काम भागे. खलाशी निम्मे म्हणजे पगार निम्मा, शिधा निम्मा आणि खलाशांच्या शिध्याची जागा मालाला मोकळी.

जहाज स्वस्तात बांधलं कसं जाई, हेही बघा. उइटगेस्ट गावच्या कॉर्नेलिस कॉर्नेलिसझोननं १५९४ मध्ये पवनचक्कीवर चालणारी करवत उभी केली. चक्कीचं गोल फिरणं वर-खाली करवतीत बदलायचं तंत्र त्यानं बसवलं. मग झान नदीच्या काठी अशा चक्क्या पसरल्या, नॉर्वेचं लाकूड तिथे कापलं जाऊ लागलं आणि जहाजं भराभर तयार होऊ लागली. वहीत जमेच्या बाजूला लिहा: स्वस्त लाकूड, वाऱ्यावरची करवत, कमी खलाशी, उतरलेलं भाडं. दुसऱ्या देशाचा व्यापारीसुद्धा आपला माल डच जहाजात भरतो याचं कारण या चार ओळींत सापडतं.

यानंतर १५८५ साल घ्या. परीक्षेच्या यादीत ते नसतं, पण माझ्या मते १६०२ पेक्षा ते महत्त्वाचं. डच प्रांत स्पेनच्या राजाविरुद्ध १५६८ पासून लढत होते, १५७९ मध्ये उत्तरेकडचे प्रांत उट्रेक्टला एकत्र आले होते. ऑगस्ट १५८५ मध्ये स्पेनच्या फौजेनं अँटवर्प घेतलं. अँटवर्प म्हणजे त्या वेळची उत्तर युरोपातली सर्वांत मोठी पेठ. डच बंडखोरांनी शेल्ट नदीचं तोंड अडवून धरलं आणि त्या पेठेचा समुद्राशी संबंध तुटला. चार वर्षांत शहराची वस्ती जवळजवळ निम्मी झाली. व्यापारी, विणकर, साखरवाले, हिशेबनीस उत्तरेला आम्सटरडॅम, मिडलबर्गकडे गेले. त्यांच्याबरोबर भांडवल तर गेलंच, शिवाय लिस्बनमध्ये कोण आडत्या विश्वासू, व्हेनिसची हुंडी कुठे वटते, ही ओळखपाळखही गेली. आमच्याकडे भुसार बाजार नाना पेठ-भवानी पेठेतून गुलटेकडीला हलला, तेव्हाची आठवण पेढीवरचे जुने लोक अजून काढतात. जागा बदलली, पण कुणाचं उधार कुणाला चालतं हे माणसांच्या डोक्यात होतं, ते त्यांच्याबरोबर आलं. अँटवर्पचं तसंच झालं, फक्त ते तलवारीच्या धाकानं झालं.

त्यात १५८० पासून पोर्तुगालही स्पेनच्याच राजाकडे गेलं होतं. तो मनात आलं की डच जहाजांना लिस्बनची बंदरं बंद करी. लिस्बनला मिरी मिळेना, तेव्हा मिरीच्या मुळाशी जाणं आलं. वाट कुठून सापडली? आपल्या गोव्यातून. यान हुइगेन व्हान लिन्शोटेन नावाचा डच तरुण १५८३ मध्ये गोव्याला आला, तिथल्या आर्चबिशपच्या पदरी काम करत राहिला आणि पोर्तुगीजांनी जपून ठेवलेले समुद्रमार्ग, वारे, बंदरं यांची माहिती टिपत गेला. त्याचं पुस्तक १५९६ ला छापून आलं. त्याच्या आदल्या वर्षी कॉर्नेलिस दे हाउटमनची चार जहाजं सुमारे अडीचशे माणसं घेऊन जावाकडे निघाली होती. १५९७ मध्ये त्यांतली तीन परतली तेव्हा शंभरसुद्धा माणसं उरली नव्हती. नावेच्या बाजूला ही नोंद न चुकता करा.

तरीही लोक धावत सुटले. १६०१ पर्यंत वेगवेगळ्या शहरांच्या कंपन्यांची साठाहून जास्त जहाजं गेली. बाजारातल्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. सगळे एकाच वेळी खरेदीला उभे, म्हणून जावावरच्या बांटम बंदरात मिरीचा भाव चढला. सगळ्यांचा माल एकदम आला, म्हणून आम्सटरडॅमला तो उतरला. ओल्डेनबार्नेवेल्ट या मुत्सद्द्यानं सगळ्यांना एका पाटाशी बसवलं आणि २० मार्च १६०२ ला संयुक्त ईस्ट इंडिया कंपनी झाली. सहा शहरांच्या सहा पेढ्या, वर सतरा जणांचं मंडळ, केप ऑफ गुड होपच्या पूर्वेचा मक्ता, किल्ले बांधायचे, तह करायचे, सैन्य ठेवायचे अधिकार.

इथे भांडवलाचं पान नीट वाचा. जमलेली रक्कम सुमारे ६४ लाख गिल्डर (गिल्डर म्हणजे डचांचं चलन). इंग्रजांची कंपनी ३१ डिसेंबर १६०० ला म्हणजे आधी झालेली, पण तिचं सुरुवातीचं भांडवल ६८ हजार पौंडांच्या आसपास, डचांच्या दहाव्या हिश्श्याच्या जवळपास. शिवाय इंग्रज सुरुवातीला प्रत्येक सफरीचं खातं वेगळं ठेवत. सफर संपली, माल विकला, वाटणी झाली, खातं बंद. डचांनी दहा वर्षांचं एकच खातं उघडलं. आम्सटरडॅमची नोंदवही संचालक डिर्क व्हान ओसच्या घरी ठेवली होती. त्या वहीत बड्या व्यापाऱ्यांच्या रकमांबरोबर त्याच घरातली मोलकरीण नेल्टगेन कॉर्नेलिस हिचंही नाव आहे, पुढे १०० गिल्डर. मुलांना भागभांडवल म्हणजे काय हे सांगताना मी व्याख्या देत नाही, ही ओळ फळ्यावर लिहिते.

मग पेच असा की पैसे दहा वर्षं अडकले. घरात लग्न निघालं, धंद्यात नड आली तर? त्यावर वहीच्या पहिल्याच पानाजवळ तरतूद होती: भाग दुसऱ्याला विकता येईल, मात्र कंपनीच्या हिशेबनिसाकडे जाऊन, संचालकांच्या संमतीनं नाव बदलून घ्यावं लागेल. कंपनीकडचा पैसा तसाच राहिला, भागधारक मात्र मोकळा झाला. १६१२ ला दहा वर्षं भरली तरी ठरल्याप्रमाणे हिशेब करून पैसे परत दिलेच नाहीत आणि भांडवल कायमचं झालं. भागधारकांची तक्रार होती की संचालक वह्या दाखवत नाहीत. मला विचाराल तर तक्रार रास्त होती. पण किल्ले, गोदामं आणि आशियात वर्षानुवर्षं गुंतून राहणारा माल या कायम भांडवलाशिवाय उभा राहिला नसता, हेही तितकंच खरं.

लाभांशाची गोष्ट आमच्या पेढीवर सगळ्यांना आवडते. पहिला लाभांश १६१० ला दिला तो रोख नव्हता, जायपत्री होती. भागाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांइतकी जायपत्री घेऊन जा, असं सांगितलं गेलं. जायपत्री म्हणजे जायफळाच्या कवचीवरची जाळी. ओली असते तेव्हा लाल भडक, वाळली की केशरी-पिवळट, चुरली की बोटांना तेल लागतं. वजनाला अगदी हलकी, भावाला भारी. अशा मालाची घरोघरी पोती दिली, म्हणजे प्रत्येक जण त्याच आठवड्यात विकायला निघणार आणि भाव बसणार. बऱ्याच जणांनी घ्यायला नकार दिला. कंपनीकडे गोदाम भरलेलं आणि गल्ला रिकामा, हे या एका नोंदीवरून कळतं.

रोख पैशाचा विषय निघालाच आहे, तर १६०९ ची विसेलबँक जमेला घ्या. आम्सटरडॅमच्या बाजारात देशोदेशीची नाणी फिरत, काही झिजलेली, काही कातरलेली. शहरानं बँक काढली, नाणी पारखून घेतली आणि सहाशे गिल्डर किंवा त्याहून मोठी हुंडी बँकेतल्या खात्यावरूनच चुकवायची असा नियम केला. या खात्यातून त्या खात्यात नुसती नोंद. नाणं मोजायचं, पारखायचं, वाहायचं काम गेलं. व्याजही उतरत गेलं. १६५५ मध्ये हॉलंड प्रांतानं आपल्या कर्जाचं व्याज पाचावरून चार टक्क्यांवर आणलं. त्या वेळी इंग्लंडमध्ये कायद्यानं ठरवलेली व्याजाची कमाल मर्यादा सहा टक्के होती. ट्युलिपच्या कांद्यांचा १६३७ चा सट्टा सगळीकडे रंगवून सांगतात. परीक्षेला एक ओळ पुरे, त्यानं डच व्यापार बुडाला नाही.

आता नकाशावर आशिया. आजच्या इंडोनेशियातल्या बांदा आणि मलुकूच्या बेटांवर जायफळ-लवंग होती, पण तिथल्या लोकांना डचांचा माल नको होता. हवं होतं कापड, आणि तेही आपल्याकडचं, कोरोमंडलचं आणि गुजरातचं. म्हणून आधी कापड घ्यायचं, ते बेटांवर द्यायचं, मसाला उचलायचा, त्यातला काही आशियातच विकायचा, पुढे जपानची चांदी आणि तांबं आणायचं आणि त्यातून पुन्हा कापड. कंपनीचा आशियातला प्रमुख यान पीटरझोन कून यानं ही साखळी १६१९ च्या सुमारास आपल्या पत्रात मांडली होती. युरोपातून कमीत कमी चांदी आणायची आणि आशियातला व्यापार आशियातल्याच नफ्यावर चालवायचा, असा बेत. आता ती पाठ केलेली यादी पुन्हा बघा. मच्छलीपट्टण, पुलिकत, सुरत ही कापडाची ठाणी आहेत. १६१९ चं बटाविया, म्हणजे आजचं जकार्ता, हे मधलं गोदाम. १६४१ चं जपानमधलं देशिमा म्हणजे चांदी-तांब्याचं दार. प्रत्येक तारखेला साखळीत जागा मिळाली की ती विसरत नाही.

आणि आता उजवं पान. जायफळ तेव्हा फक्त बांदाच्या छोट्या बेटांवर व्हायचं. बांदाचे लोक ज्याच्याकडून चांगला भाव आणि तांदूळ मिळेल त्याला माल देत, जसं कुठलाही शेतकरी देईल. डचांना मक्ता हवा होता. १६२१ मध्ये कून फौज घेऊन आला. बेटांवरच्या ४४ प्रमुखांची डोकी उडवली. सुमारे पंधरा हजारांच्या वस्तीतली हजारभर माणसं बेटांवर उरली. बाकीची मारली गेली, उपासमारीनं गेली, पळाली किंवा गुलाम म्हणून बटावियाला नेली गेली. जमिनीचे तुकडे पाडून ते डच बागायतदारांना वाटले आणि त्यांवर राबायला बाहेरून गुलाम आणले. लवंगेचं निराळं: मक्त्याबाहेरच्या बेटांवरची लवंगेची झाडं तोडून टाकली. मी रोज जायफळाचं वजन लिहिते. चिरलं की आतल्या त्या तपकिरी नागमोडी रेषा बघते, आणि हे पान मुलांकडून पूर्ण लिहून घेतल्याशिवाय पुढे जात नाही. ‘कार्यक्षम कंपनी’ एवढंच लिहून उत्तर संपवणाऱ्याला मी अर्धेच गुण देते.

पुण्यात बसून हे सगळं दूरचं वाटत असेल तर वेंगुर्ल्याला जा. कोल्हापूरवरून आंबोली घाट, सावंतवाडी आणि पुढे वेंगुर्ले. गोव्याची नाकेबंदी करायची तर जहाजांना जवळ पाणी, धान्य आणि बातमी मिळायला हवी, म्हणून डचांनी आदिलशाहीच्या परवानगीनं १६३७ मध्ये तिथे वखार घातली. तिचे अवशेष अजून उभे आहेत. भिंतींची जाडी बघा आणि मग ठरवा की ही नुसती व्यापाराची जागा होती का. वेंगुर्ल्याच्या वखारीतून गेलेली पत्रं शिवकाळासाठी महत्त्वाचं साधन मानली जातात. जाण्याआधी गोखले इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात आर्थिक इतिहासाची कपाटं चाळता आली तर उत्तम. आधी तिथले नियम विचारून घ्या.

उताराचं पान लहान ठेवा. १६५१ चा इंग्रजांचा नौकानयन कायदा डचांच्या वाहतुकीवरच नेम धरून केलेला होता. त्यातून लढाया लागल्या. १६७२ ला फ्रान्स आणि इंग्लंड एकदम तुटून पडले. युरोपात मसाल्यापेक्षा सुती कापड आणि चहा यांची मागणी वाढली, आणि बंगालच्या कापडात इंग्रज पुढे गेले. १७४१ ला कोलाचेलला त्रावणकोरच्या मार्तंड वर्म्यानं हरवलं. १७८० ते ८४ च्या इंग्रजांबरोबरच्या युद्धानं कंपनी कर्जात बुडाली आणि १७९९ अखेर ती बंद झाली.

उत्तर लिहायला बसलात की क्रम असा धरा: मीठ, मासा, राय, फ्लुइट आणि करवत, १५८५, एकच खातं आणि विकता येणारा भाग, बँक, कापडाची साखळी, बांदा. १६०२ मध्यावर आलं पाहिजे, सुरुवातीला नाही. दहा गुणांच्या उत्तरात दोन आकडे पुरतात, ६४ लाख गिल्डर आणि १६२१ चे पंधरा हजार, एक डाव्या पानावरचा आणि एक उजव्या. ज्यांना आणखी खोलात जायचंय त्यांच्यासाठी एक सांगते: कंपनीच्या दप्तराची सुमारे अडीच कोटी पानं हेग, जकार्ता, कोलंबो, केप टाउन आणि आपल्या चेन्नईत आहेत. डच भाषा शिकायची तयारी असेल तर चेन्नई इथून एका रात्रीच्या गाडीवर आहे.